दोनशेतल्या एका ऑक्टाव्हियाचा भाव ठरवताना

स्कोडाने २०२० च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५, म्हणजे ऑक्टाव्हियाचीच वेगवान आवृत्ती, दाखवली, तेव्हाच सांगून टाकलं होतं की भारतात फक्त २०० गाड्या येणार. शोरूम किंमत ३५.९९ लाख. एक मार्चपासून एक लाख भरून ऑनलाइन बुकिंग सुरू झालं आणि तो महिना संपायच्या आत देशाला टाळं लागलं. तरीही त्या सगळ्या गाड्या खपल्या. पाच वर्षं उलटून गेल्यावर त्यातली एक मी सेकंड हँड घेतली. लिहायचंय ते तिच्या किमतीबद्दल: ती कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि बाजारात ठरलेली किंमत बँकेच्या आणि विमा कंपनीच्या कागदावर उतरवताना काय काय करावं लागतं.

मी मूळची छत्रपती संभाजीनगरची. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात ऑक्टाव्हिया जोडली जायची ती आम्ही शाळकरी असताना, त्यामुळे ही गाडी आमच्या गल्लीत लोकांना पाठ होती. दार लागल्याचा आवाज ऐकून कोणाची गाडी आली ते सांगणारे लोक होते. आरएस २४५ मात्र शेंद्र्याची नाही. ती पूर्ण तयार होऊन चेक प्रजासत्ताकातून आली. २०१८ साली केंद्र सरकारने नियम सैल केला, की परदेशात मान्यता मिळालेल्या गाड्या वर्षाला २५०० पर्यंत इथल्या चाचण्यांशिवाय आणता येतील. त्या वाटेने ही गाडी आली. त्याआधीची २०१७ सालची आरएस २३० सुरुवातीला २४.६२ लाखांची होती. तीन वर्षांत किमतीत अकरा लाखांची उडी का, याचं मोठं उत्तर आयात शुल्कात आहे.

गाडी म्हणून सांगायचं तर दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ पीएस ताकद, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, शून्य ते शंभर ६.६ सेकंदांत. पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे वळणावर ताकद दोन चाकांत नीट वाटणारी यंत्रणा. आणि मागे ५९० लिटरची डिकी, म्हणजे गणपतीला गावी जाताना चार जणांचं सामान आणि आईने बांधून दिलेले डबे सहज मावतात. माझ्या मते या गाडीचा भाव टिकण्याचं खरं कारण हेच आहे. नुसती वेगवान गाडी कपाटात राहते. वेगवान असून घरात वापरता येणारी गाडी लोक सोडत नाहीत, आणि सोडत नाहीत म्हणून बाजारात येत नाही. त्यात २०२३ साली साधी ऑक्टाव्हियासुद्धा इथे बंद झाली.

शोध सुरू केला तेव्हा पहिली अडचण अशी, की भाव बघायला जागाच नव्हती. साध्या गाडीचं सोपं असतं. मॉडेल, साल, किलोमीटर टाकले की वेबसाइट आकडा देते, कारण तिच्याकडे तशा हजारो गाड्यांचे व्यवहार असतात. २०० गाड्यांतल्या एका वेळी विक्रीला असतात तीन-चार. माझ्या गाडीसाठी त्या वेबसाइट्स दोन लिटरच्या साध्या ऑक्टाव्हियाचा हिशेब लावून काहीतरी सांगत होत्या, किंवा सरळ "माहिती उपलब्ध नाही". त्यामुळे मी एक वही घातली. जाहिरात दिसली की रंग, पासिंग, किलोमीटर, कितवा मालक, मागितलेली किंमत आणि तारीख लिहायची. जाहिरात उतरली की तीही तारीख लिहायची. आणि शक्य असेल तिथे मालकाला फोन करून नम्रपणे विचारायचं, "सौदा कितीला झाला?"

या फोनांतून जे कळलं ते जाहिरातींतून कधीच कळलं नसतं. लोक सांगतात. गाडी विकून झाली की लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि अशा गाडीच्या मालकाला तिच्याबद्दल बोलायला आवडतं. मागितलेली किंमत आणि ठरलेली किंमत यांत दोन-तीन लाखांचं अंतर मला सारखं दिसत होतं. जी गाडी महिनोन्महिने तशीच दिसते, तिची किंमत म्हणजे मालकाची इच्छा. जी आठवड्यात गायब होते, तिची किंमत म्हणजे बाजार. डीलरकडची गाडी आणखी वर असते. त्याला नफा हवा, आणि त्या नफ्यावर १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. एका मालकाने दुसऱ्याला थेट विकली तर तो प्रश्न येत नाही. वहीत मग मी दोन रकाने केले, डीलरचे आणि घरचे, आणि त्यांची सरासरी कधीच काढली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने नवी ऑक्टाव्हिया आरएस आणली. २६५ पीएस, शोरूम किंमत ४९.९९ लाख, आणि गाड्या फक्त १००. बुकिंग उघडल्यावर वीस मिनिटांत संपल्या. त्याच आठवड्यात माझ्या वहीतल्या दोन जाहिरातींच्या किमती वर गेल्या. युक्तिवाद असा, की नवी रस्त्यावर साठच्या घरात पडते, मग जुनीला चाळीस का नको? मला तो तेव्हाही पटला नव्हता. ज्याला नवी मिळाली नाही तो जुनीकडे वळेल हे खरं, पण दुर्मीळ गाडीच्या गिऱ्हाइकांची संख्याही दुर्मीळच असते. त्या दोन्ही जाहिराती दिवाळीनंतर पुन्हा खाली आल्या.

गाड्या बघायला लागल्यावर भाव कशाने पडतो ते कळत गेलं. मुंबईची एक निळी गाडी दिसायला देखणी होती. इंजिन ट्यून केलेलं, डाउनपाइप बदललेला, एक्झॉस्ट मोठा, सस्पेन्शन खाली घेतलेलं. मालकाने या सगळ्यावर बराच खर्च केला होता आणि तो त्याला किमतीत हवा होता. मुलगा मनापासून बोलत होता, त्याने गाडी जिवापाड सांभाळली होती. पण संग्राहक म्हणून विचार करणाऱ्या माणसासाठी हे सगळं वजाबाकीचं आहे. आरसीवर नोंद नसलेले बदल विमा कंपनीला दावा नाकारायला कारण देतात. ट्यून केलेला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, कंपनीच्या संगणकाला सापडला की गाडीच्या नोंदीवर टीडी१ असा शेरा, म्हणजे वॉरंटी नाकारण्याची खूण, बसतो. आणि मुख्य म्हणजे काढलेले मूळ भाग त्याच्याकडे राहिलेले नव्हते. ते असते तर मी त्या गाडीचा विचार केला असता. मूळ एक्झॉस्ट, मूळ स्प्रिंगा, मूळ चाकं माळ्यावर जपून ठेवणाऱ्या मालकाचे मी नक्कीच जास्त पैसे देईन.

कोल्हापूरच्या गाडीचं रनिंग इतकं कमी होतं की मीटरवर विश्वास बसेना. पण ते खरं होतं. चारही टायर पहिलेच, बाजूवर कोरलेला आठवडा आणि साल २०१९ चं. आणि तीच अडचण. रबर कडक होऊन तडे गेलेले, बॅटरी गेलेली, गाडी महिनोन्महिने झाकून उभी. आमच्याकडे "फक्त इतकी चाललीय" हे वाक्य किल्लीसारखं वापरतात, त्याने सगळी कुलुपं उघडतील असं धरून. मला मात्र दर महिन्याला थोडी तरी चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी उभ्या गाडीपेक्षा जास्त मोलाची वाटते. दुर्मीळ गाडीच्या बाबतीतही माझं मत बदलत नाही.

बंगळुरूला एक लाल गाडी फार चांगली होती आणि किंमतही बरी होती. तिथे आडवा आला तो कर. राज्याबाहेरची गाडी कायमची इथे आणायची म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, महाराष्ट्राचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे, आणि मग तिथे भरलेल्या कराचा परतावा मिळवण्याची खटपट. आयात केलेल्या गाडीला आपल्याकडे नवीन असताना २० टक्के कर पडतो. ३५.९९ लाखांवर सात लाख वीस हजारांच्या घरात. हा आकडा डोक्यात ठेवला की महाराष्ट्र पासिंगच्या गाडीला वर दोन पैसे का द्यायचे ते आपोआप समजतं. तो कर आधीच भरलेला आहे आणि तो गाडीबरोबर येतो.

शेवटी गाडी सापडली ती पुण्यातच. एमएच १२, पहिला मालक, पांढरी. मालक डॉक्टर, वयाने माझ्या काकांएवढे. गाडी दाखवताना त्यांनी आधी एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली. बुकिंगच्या एक लाखाची पावती, मूळ बीजक, प्रत्येक सर्व्हिसचं बिल, टायर बदलल्याचं बिल, दोन्ही किल्ल्या. मग म्हणाले, "मॅडम, मागचं डावं दार रंगवलंय. पार्किंगच्या खांबाला घासलं होतं. तुम्ही बघालच, म्हणून आधीच सांगतो."

मी पाहिलंच. रंगाची जाडी मोजायचं यंत्र बरोबर होतं. छत, बॉनेट, पुढचे फेंडर सगळीकडे आकडे शंभर ते एकशे तीस मायक्रॉनच्या आत, त्या एका दारावर दुप्पट. बाकी कुठेही उडी नाही. त्यांनी सांगितलेलं आणि यंत्राने सांगितलेलं जुळलं, आणि तिथेच माझ्या मनात गाडीची किंमत वाढली. एक रंगवलेलं दार असलेली, पण खरं बोलणाऱ्या माणसाची गाडी मला चालते.

भोसरीला माझे एक ओळखीचे मिस्त्री आहेत. स्कोडा आणि तिच्या घराण्यातल्या गाड्यांवर त्यांचं सगळं आयुष्य गेलंय. डॉक्टरांनी गाडी तिथे न्यायला आढेवेढे घेतले नाहीत, उलट स्वतः चालवत घेऊन आले. मिस्त्रींनी आधी आरसी मागितली आणि इंजिनाच्या क्षमतेवर बोट ठेवलं, १९८४ सीसी. साध्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाला आरएसची जाळी, बंपर आणि बिल्ले लावून विकण्याचे प्रकार होतात, त्या गाडीच्या आरसीवर १७९८ असतं. मग स्कॅनर लावला. या गाड्यांच्या संगणकात जुना फॉल्ट नोंदलेला असेल तर तो कितव्या किलोमीटरला आला तेही सोबत असतं. मीटर फिरवणारा माणूस समोरचा आकडा बदलतो, पण कोपऱ्यातल्या एखाद्या मॉड्यूलमधली अशी नोंद विसरतो. मिस्त्री एकेक मॉड्यूल उघडून आकडे मोठ्याने वाचत होते आणि मी ते फाइलमधल्या बिलांच्या तारखांशी लावून बघत होते. सगळे ओळीत बसले.

गाडी लिफ्टवर गेली. पत्रा सरळ, डिफरन्शियलभोवती ओल नाही, एका चाकाच्या आतल्या कडेला किरकोळ ओरखडा. मिस्त्रींनी बॅटरी घेतली आणि इंजिनाच्या बाजूला, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लॅस्टिकच्या घराखाली उजेड टाकला. "ताई, हे बघा." कूलंट वाळून बसल्याचा गुलाबीसर पापुद्रा होता, नखाएवढा. या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. गरम-थंड होऊन ते प्लॅस्टिक कालांतराने वाकतं आणि जोडावरून कूलंट झिरपायला लागतं. आज गाडी थांबणार नाही, पण पूर्ण जोडणी बदलावी लागणार हे नक्की. डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिले. "मला कोणी दाखवलंच नाही हे," म्हणाले. त्यांची प्रत्येक सर्व्हिस वेळेवर झाली होती, पण तिथे उजेड टाकून बघणारा भेटला नव्हता.

भाव ठरवायला आम्ही त्यांच्याच घरी बसलो. त्यांचा आकडा ३६. त्यांचं म्हणणं असं, की रस्त्यावर उतरताना कर आणि विमा धरून गाडी त्यांना पंचेचाळीसच्या आसपास पडली होती, आणि आता तशी मिळणं नाही. दोन्ही खरं. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. कोणती गाडी कितीला मागितली, कितीला गेली, किती दिवस बसून राहिली. शिवाय थर्मोस्टॅटचं काम, रंगवलेलं दार, डिफरन्शियलचं वेगळं ऑइल बदलल्याची फाइलमध्ये नोंद नाही, पुढचे टायर वर्षभरात लागणार. अधिक बाजूला महाराष्ट्र पासिंग, पहिला मालक, पूर्ण कागद, काहीही बदल न केलेली गाडी. माझा आकडा ३१ होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वही घेऊन पान पान वाचलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, पोरीने अभ्यास केलाय." सव्वातेहतीसवर आम्ही थांबलो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विसार पावती झाली आणि चहा झाला.

इथवरचं काम आनंदाचं होतं. पुढचं कागदाचं.

बँकेने आपला मूल्यमापक पाठवला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, चेसिस नंबरचा ठसा घेतला आणि सव्वातेहतीस लाखांच्या गाडीची किंमत एकोणीस लिहिली. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या तक्त्यात "आरएस २४५" ही ओळच नव्हती, घसारा लावून जे आलं ते त्याने लिहिलं. पण कर्ज त्याच आकड्यावर ठरतं. उरलेली रक्कम माझ्या ठेवी मोडून उभी केली. अशी गाडी घ्यायचा विचार असेल त्याने हे आधीच धरून चालावं: बाजारभाव आणि कर्जाचा आधार यांतला फरक रोख लागतो.

आरटीओचं काम त्या मानाने सरळ झालं. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, आधार, पॅन. एकच गाठ होती. डॉक्टरांनी गाडीचं कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसीवर जुन्या बँकेचा बोजा तसाच होता. बँकेने दिलेल्या एनओसीची मुदत संपली होती, ती नव्याने काढावी लागली. त्यासाठी त्यांनाच दोनदा हेलपाटा पडला. फॉर्म ३५ ने जुना बोजा उतरला, फॉर्म ३४ ने माझ्या बँकेचा चढला, आणि संगम पुलाजवळच्या कार्यालयातून पुढे आरसी माझ्या नावाची झाली.

आता विमा, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

आपल्याकडे गाडीचा विमा आयडीव्हीवर चालतो, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. तो कंपनीच्या शोरूम किमतीतून ठरलेल्या दराने घसारा वजा करून काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. नोंदणीचा कर त्यात धरत नाहीत. म्हणजे पाचव्या वर्षी ३५.९९ लाखांच्या गाडीची कागदावरची किंमत अठरा लाख. डॉक्टरांच्या शेवटच्या पॉलिसीत तर चौदाच होती. दर वर्षी ऑनलाइन नूतनीकरण करताना जो आकडा दिसतो तो मान्य केला की असं होतं, आणि हप्ता कमी येतो म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

चोरीचा धोका सगळ्यांना कळतो. खरा धोका दुसरा आहे, आणि तो मला आमच्या एजंट काकूंनी समजावला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. आयडीव्ही चौदा लाख असेल तर साडेदहा लाखांच्या दुरुस्तीला गाडी संपली. आयात केलेल्या गाडीचा पुढचा भाग घ्या: दोन एलईडी दिवे, आरएसचाच बंपर, जाळी, रेडिएटर, एअरबॅग. हे सगळं बाहेरून मागवायचं. साडेदहा लाख व्हायला फार मोठा अपघात लागत नाही. इंजिन शाबूत, सांगाडा शाबूत, आणि तरीही २०० तली एक गाडी भंगाराच्या लिलावात जाते, कारण तिची कागदावरची किंमत चुकीची होती. आयडीव्ही तीस लाख असेल तर तीच गाडी साडेबावीस लाखांपर्यंत दुरुस्त होऊ शकते. किंमत योग्य लिहिलेली असणं हे त्या गाडीच्या जगण्यामरण्याचं आहे, म्हणून मला त्याची इतकी तळमळ.

परदेशात यावर तोडगा आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हॅगर्टीसारख्या कंपन्या गाडीची किंमत मालकाशी आधीच ठरवून पॉलिसीत लिहितात आणि नुकसान झाल्यास तीच देतात. आपल्याकडे अशी ठरलेल्या किमतीची सोय मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमपुस्तकात आहे, पण ती १९४० पर्यंतच्या विंटेज गाड्यांना. केंद्राच्या २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमांतही गाडी पन्नास वर्षांची लागते. माझी गाडी २०७० साली पात्र होईल. मधली पन्नास वर्षं तिने घसाऱ्याच्या तक्त्यात काढायची.

काकू पंचवीसेक वर्षं या धंद्यात आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, तक्ता पाच वर्षांनी संपतो. त्यापुढे आयडीव्ही तू आणि कंपनी दोघांनी मिळून ठरवायची असं नियमातच आहे. वेबसाइटवर दिसतो तो आकडा म्हणजे कायदा नव्हे." गाडीची नोंदणी पाच वर्षांची मुदत ओलांडून गेलेलीच होती. डॉक्टरांची पॉलिसी संपायला थोडे दिवस होते, तेवढ्यात आम्ही फाइल तयार केली. परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वतंत्र मूल्यांकन करून घेतलं, त्याला पहिल्यांदा भेटले तेव्हाच अशा गाड्या किती आल्या ती संख्या, बुकिंगची पावती आणि माझी वही दाखवली. विसार पावती आणि आरटीजीएसचा पुरावा जोडला, कारण एका अनोळखी माणसाने दुसऱ्याला बँकेतून दिलेले पैसे हा किमतीचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. मिस्त्रींचा स्कॅन अहवाल, सर्व्हिसची बिलं, नव्या आरएसची ४९.९९ लाखांची किंमत, आणि गाडीचे चोहोबाजूंनी फोटो. थर्मोस्टॅटचं काम तोवर झालं होतं, त्याचं बिलही.

पहिल्या कंपनीच्या शाखेत उत्तर मिळालं, "सिस्टीम सतराच्या वर घेत नाही." नियम दाखवला, साहेबांना भेटले, पुन्हा तेच उत्तर. दुसऱ्या कंपनीत काकूंनी शाखेला बाजूला ठेवून फाइल थेट मुंबईच्या अंडररायटिंगकडे, म्हणजे कोणता धोका किती रकमेला घ्यायचा ते ठरवणाऱ्या विभागाकडे पाठवली. तिथून फोन आला तो एका तरुण अधिकाऱ्याचा, आणि त्याने विचारलेले प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. गाडी रात्री कुठे उभी असते, वर्षाला किती चालेल, काही बदल केलेत का, मूळ किल्ल्या किती. म्हणजे तो तक्ता सोडून गाडीकडे बघत होता. त्यांचा माणूस येऊन तपासून गेला आणि २९ लाख मान्य झाले. हप्ता अर्थातच वाढला, कारण स्वतःच्या नुकसानीचा भाग आयडीव्हीच्या प्रमाणात असतो. माझ्या आधीच्या गाडीचा नो क्लेम बोनस माझ्याकडे होता तो इथे लावला. डॉक्टरांचा बोनस त्यांच्याकडेच राहिला, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. झिरो डेप, म्हणजे दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापण्याची सोय, आणि इंजिन संरक्षण वर घेतलं. पॉलिसी हातात आल्यावर मी आधी २९ हा आकडा नीट वाचला, मग चेसिस नंबर.

बाजारभावापेक्षा तो सव्वाचार लाखांनी कमीच आहे. पुढच्या वर्षी कंपनी पुन्हा कापायला बघेल हेही धरून चाललेय, म्हणून वही चालू ठेवली आहे. नवा सौदा कानावर आला की तारीख घालून उतरवते.

डॉक्टरांना आकडा सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी त्यांच्या नाशिकच्या मित्राचा नंबर दिला. त्यांच्याकडे आरएस २३० आहे, पहिल्या मालकाची, एकही बदल न केलेली, आणि आयडीव्ही सात लाख. मी त्यांना सर्व्हेअरच्या मूल्यांकनाची प्रत आणि कागदांची यादी पाठवली. त्यांचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, काकूंनी फाइल मुंबईच्या त्याच अधिकाऱ्याकडे दिली आहे.